घाटात गाडी बंद पडली म्हणून दावा संपत नाही

ताई, खंबाटकी घाटात गाडी बंद पडली, साताऱ्याच्या कोर्टात पोचेपर्यंत पुकारा (केसचं नाव हाक मारून बोलावणं) होऊन गेला आणि दावा काढून टाकला, आता सगळं संपलं का, असं तुम्ही विचारलंय. नाही संपलं.

वादी (दावा लावणारा, म्हणजे तुम्ही) गैरहजर आणि प्रतिवादी (समोरचा) हजर असताना दावा काढून टाकला गेला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम ९ खाली तो पुन्हा चालू करण्याचा अर्ज देता येतो. मुदत मात्र दावा काढून टाकल्याच्या तारखेपासून ३० दिवस. त्याच कारणावरून नवा दावा टाका असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, तो मार्ग याच नियमाने बंद आहे.

गैरहजेरीचं सबळ कारण कोर्टाला पटलं पाहिजे, नुसतं तोंडी सांगून भागत नाही. क्रेनची पावती, गॅरेजचं बिल, महामार्गाच्या १०३३ क्रमांकावर फोन केला असेल तर त्याची नोंद, वेळ दिसणारा बंद गाडीचा फोटो, जे असेल ते शपथपत्रासोबत जोडा. मेकॅनिकचं शपथपत्र मिळालं तर फारच चांगलं. रोजनाम्याची (त्या दिवशी केसमध्ये काय झालं याच्या कोर्टातल्या नोंदीची) नक्कल उद्याच मागा. समोरच्याचा खर्च भरायला लावू शकतात, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

आणि केस तुम्ही स्वतः चालवताय, तुमच्या जागी उभं राहायला वकील नव्हता, हे अर्जात ठळक लिहाच.