मदत हवी आहे : केंद्राच्या मंत्रालयातली इंटर्नशिप, ओजेटीच्या लॉगशीटवर सही कोणाची?

नमस्कार मंडळी,

मी टीवायबीएला आहे, अर्थशास्त्र, कॉलेज दादरला. सहाव्या सेमिस्टरच्या ओजेटीसाठी (ऑन जॉब ट्रेनिंग, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) दिल्लीत एका मंत्रालयात इंटर्नशिप करून नुकतीच परत आले. (आपलं नरिमन पॉइंटचं नव्हे, केंद्राचं.) काम झालं, कागद अडलाय.

कॉलेजला चार क्रेडिटसाठी 120 तासांची लॉगशीट लागते, प्रत्येक पानावर मार्गदर्शक अधिकाऱ्याची सही-शिक्का. "शेवटी एकदम करू" असं साहेब म्हणायचे, आणि माझ्या शेवटच्या आठवड्यात त्यांचीच बदली झाली. प्रमाणपत्र मिळालंय, पण त्यात अमुक ते अमुक तारीख इंटर्न होती एवढंच. तासांचा पत्ता नाही. सेक्शनवाले म्हणतात, तुझे मेंटॉर ते होते, आम्ही कशी सही करणार? इकडे ओजेटीच्या मॅडम म्हणतात, सहीशिवाय मार्क भरणार नाही.

चीड येते कारण काम खरंच केलंय. अधिवेशन चालू होतं, त्यामुळे सगळा सेक्शन संसदेच्या प्रश्नांत बुडालेला. तारांकित प्रश्न आला की मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं, वर खासदार पूरक प्रश्न विचारणार. ते काय असतील याचा अंदाज बांधून टिपण आधीच तयार ठेवतात. त्याच विषयावरची जुनी उत्तरं लोकसभेच्या वेबसाइटवरून काढायची आणि आकडे राज्यवार तक्त्यात बसवायचे, हे माझ्याकडे. एकदा दोन जुन्या उत्तरांत महाराष्ट्राचा एकाच वर्षाचा आकडा वेगवेगळा निघाला. सगळे माझ्या लॅपटॉपभोवती जमा! शेवटी कळलं, एक तात्पुरता होता, दुसरा सुधारित. मग तक्त्याखाली तशी तळटीप गेली. ती मी लिहिली होती.

आता बदली झालेल्या साहेबांना गाठू, की त्यांच्या जागी आलेल्यांना? कोणाला असा अनुभव आहे का?

प्रतिसाद
महिन्याला पैसे मिळाले असतील ना? पीएम इंटर्नशिप ना ही?

धागाकर्ती
नाही हो. ती योजना मोठ्या कंपन्यांमधली. मला एक रुपया नाही, पीजीचं भाडं बाबांनी भरलं.

प्रतिसाद
केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालोय, म्हणून सांगतो. बदली झालेल्या माणसाच्या मागे लागू नकोस, जुन्या खुर्चीच्या नावाने तो आता सही करणार नाही. इंटर्न घेणारा जो प्रशासन विभाग असतो, तुझं निवडपत्र जिथून निघालं, तिथे अर्ज कर. लॉगशीटवर सही मागूच नकोस. "प्रमाणपत्रात कामाचे एकूण तास नमूद करावेत" एवढीच विनंती, सोबत लॉगशीटची प्रत. नवं पत्र काढणं त्यांना सोपं, दुसऱ्याच्या काळातल्या कागदावर सही करणं अवघड. आणि कॉलेजच्या लेटरहेडवर मॅडमचंही पत्र जोड, विद्यार्थ्याच्या मेलपेक्षा ते लवकर हलतं. कोणी आरटीआय टाक म्हणेल, तर टाकू नकोस. 30 दिवस जातील, आणि जी मदत करणारी मंडळी आहेत तीच दुखावतील.

धागाकर्ती
काका, खूप आभार. मॅडमना उद्याच भेटते. मेल हिंदीत करू की इंग्रजीत?

प्रतिसाद
इंग्रजीत चालेल. विषयाच्या ओळीत निवडपत्राचा फाइल नंबर टाक, नाहीतर कोणत्या फाइलला लावायचा ते शोधण्यातच तुझा निकाल लागेल.