टॅन २क्ष = कॉट क्ष : उत्तरं ६ की ४?

कॉलेजरोड_बारावी:
नाशिकला बोर्ड आणि सीईटी दोन्हीची तयारी चालू आहे. वरचं समीकरण ०° ते ३६०° मध्ये सोडवायचंय. टॅन क्ष = ट धरून २क्षचं सूत्र लावलं: २ट/(१−ट²) = १/ट, म्हणजे ३ट² = १. उत्तरं आली ३०°, १५०°, २१०°, ३३०°. क्लासच्या उत्तरसूचीत ६ आहेत. छपाईची चूक समजू का?

गोदाकाठ:
सूची बरोबर आहे. तुमची दोन उत्तरं 'टॅन क्ष = ट' लिहिलं त्याच ओळीत गळाली. ९०° आणि २७०° ला टॅन क्षला किंमतच नाही, मग ट कुठून येणार? पण मूळ समीकरणात टॅन क्ष नाहीच. ९०° घालून बघा: टॅन १८०° = ०, कॉट ९०° = ०. जुळलं.

सूत्र बाजूला ठेवा. कॉट क्ष म्हणजे टॅन (९०° − क्ष). दोन कोनांचे टॅन सारखे असतील तर कोनांत १८०° च्या पटीचा फरक असतो (न हा पूर्णांक):
२क्ष = न×१८०° + ९०° − क्ष
३क्ष = न×१८०° + ९०°
क्ष = न×६०° + ३०°
न = ० ते ५ घेतल्यावर ३०°, ९०°, १५०°, २१०°, २७०°, ३३०°. साईन-कॉससारखी दुसरी शाखा इथे लागत नाही, कारण टॅन प्रत्येक १८०° च्या पट्ट्यात सतत चढतच जातो आणि प्रत्येक किंमत एकदाच घेतो.

पंचवटीकर:
वरच्याला पुस्ती. न×१८०° हे भागाकाराच्या आधी मिळवायचं. टॅन २क्ष = √३ मध्ये पुष्कळ जण २क्ष = ६०°, क्ष = ३०° करतात आणि मग १८०° मिळवतात. हाती ३०° आणि २१०° एवढंच लागतं. खरं तर क्ष = ३०° + न×९०°, म्हणजे १२०° आणि ३००° सुद्धा. कॅल्क्युलेटरही −९०° ते ९०° मधला एकच कोन देतो, बाकीचे आपणच काढायचे. (आणि बोर्डाच्या पेपरात 'न पूर्णांक' लिहायला विसरू नका.)

सिन्नर_फाटा:
उलटी चूकही होते. टॅन ३क्ष = टॅन क्ष घ्या. ३क्ष = न×१८०° + क्ष, म्हणून क्ष = न×९०°. इथे न विषम असेल तर टॅन क्षला किंमत नाही, ती उत्तरं खोडायची. राहतं क्ष = न×१८०°. म्हणून शेवटी प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात घालायचंच, आधी सोपं करून घेतलेल्या ओळीत नाही.

पटत नसेल तर आलेख काढा. मेन रोडला मिळतो तो साधा आलेख कागद, १ सेमी = ३०°, म्हणजे १२ सेमीत ३६०° बसतात. टॅन २क्ष ४५°, १३५°, २२५°, ३१५° ला तुटतो, कॉट क्ष ०°, १८०°, ३६०° ला. ९०° वर दोन्ही रेषा आडव्या अक्षावरच एकमेकींना छेदताना दिसतील, एक चढती, एक उतरती.

कॉलेजरोड_बारावी:
कळलं. मग टॅन क्ष × टॅन २क्ष = १ असं दिलं असेल तरी ६ च ना?

गोदाकाठ:
नाही, तिथे ४. टॅन क्ष आता प्रश्नातच आहे, त्यामुळे ९०° आणि २७०° बाद.