मदत हवी आहे: लिथियम चालू असताना आषाढीची पायी वारी

नमस्कार. एरवी वाचनमात्र असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ, वय २९. गावी अण्णांबरोबर शेती बघतो आणि पखवाज वाजवतो. घरात तीन पिढ्यांची माळ. अण्णांची यंदा बत्तिसावी वारी, आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर, गावच्या दिंडीत. मी लग्नानंतर पुण्यात.

भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी पार खाली जातं, कधी भलतंच चढतं. हे नाव कळायलाच तीन वर्षं गेली. आधी तो नुसता पडून असायचा. अंघोळीला उठायचा नाही, पखवाजाची गवसणी दोन महिने निघाली नाही. जवळच्या डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांत तो उठला, आईने पेढे वाटले. पण उठला तो झोपेचना. रात्री अडीचला विणेकरीबुवांना फोन लावून एकाच अभंगाच्या नवनव्या चाली ऐकवायचा. सात पखवाज उधारीवर उचलून आणले, दिंडीच्या पंगतीसाठी दोन लाख बोलून आला. टोकलं की अंगावर यायचा. आणि आम्ही काय म्हणत होतो, तर पोरगं भक्तीत रंगलंय. पखवाज करणाऱ्यांनी चार परत घेतले, देव त्यांचं भलं करो.

शेवटी जिल्ह्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञांनी नीट विचारपूस केली. ते म्हणाले, हे नुसतं डिप्रेशन नव्हतं. याच्या आधीही चढाचे दिवस येऊन गेले असतील. अशा माणसाला नुसत्याच डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या, तर मन उलट्या टोकाला जाऊ शकतं. मग आठवलं, कॉलेजात असताना आठवडाभर रात्रंदिवस जागून त्याने मंडळाची आरास एकट्याने उभी केली होती. सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

आता दीड वर्ष लिथियम चालू आहे, मन ताळ्यावर ठेवणारी गोळी. रक्तातली त्याची लेव्हल ०.७ येते. थायरॉइड आणि क्रिएटिनिन (किडनीसाठी) दर सहा महिन्यांनी तपासतो. माणूस परत मिळालाय आम्हाला.

अडचण अशी की त्याचा हात थरथरतो. बारीकच, पण पखवाजाच्या धुमेला कणीक लावताना दिसतो. परवा मी समोर बसले होते. कणकेचा गोळा तीनदा लावला, तीनदा काढला, मग पखवाज बाजूला सरकवून म्हणाला, "ताई, वारीपुरत्या गोळ्या अर्ध्या करू का?" अण्णांचंही तेच: "आता बरा आहे की. वारीत माउली सांभाळतात." पालखीला साडेपाच आठवडे आहेत. त्याला जाऊच देऊ नये का? गोळी घेऊन कुणी पायी गेलंय का? आणि अण्णांना कसं समजवायचं?

– जाईची_वेल

मोकळा_वारा: बरा झालाय तर आयुष्यभर केमिकल कशाला पोटात घालायची? प्राणायाम, ध्यान सुरू करा. माझ्या ओळखीत एकाच्या सगळ्या गोळ्या सुटल्या.

गोळीवाला: वरचा सल्ला कृपया मानू नका. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे डोसबद्दल बोलणार नाही. पण वारी आणि लिथियम ही जोडी काळजीची आहे, ती का ते सांगतो.

लिथियम हा मिठाचा चुलतभाऊ समजा. किडनी सोडियमला आणि त्याला जवळपास सारखीच वागवते. घामाने, जुलाबाने किंवा अळणी खाण्याने अंगातलं मीठ कमी झालं, की किडनी मीठ धरून ठेवते आणि त्याच्याबरोबर लिथियमही. गोळ्या तेवढ्याच, पण रक्तातली पातळी चढते. चालणारी पातळी साधारण ०.६ ते १.०. दीडच्या वर धोका. म्हणजे मधली जागा फार नाही.

आता वारी डोळ्यांसमोर आणा. पुण्याहून सासवडचा टप्पा तीस किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवेघाट, आणि नेमकी त्याच दिवशी बहुधा एकादशी. उपाशीपोटी, घामाघूम. या एका दिवसाची मला बाकी सगळ्या वारीपेक्षा जास्त भीती वाटते.

दुसरं, दुखण्याच्या गोळ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळ्यांचेच पाय बोलायला लागतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, यांतल्या कुठल्याही गोळीने लिथियमची पातळी वाढते. अण्णांकडे गुडघ्याची गोळी असणारच, आणि मायेने बाप ती मुलाला देणारच! ती चालणार नाही. पॅरासिटामॉल चालते. वाटेतल्या आरोग्य तंबूत गोळी घ्यायच्या आधी "मला लिथियम चालू आहे" हे सांगायचंच. तसं एक कार्ड करून गळ्यात घाला, दिंडीच्या ओळखपत्रामागे.

बारीक थरथर वेगळी. हात मोठ्याने हलायला लागले, तोल जायला लागला, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब किंवा गुंगी आली, तर पुढची गोळी न घेता थेट दवाखाना. लेव्हलचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी देतात, पण अशा वेळी बारा तास मोजत बसू नका.

निळी_शाई: मी स्वतः बायपोलर. २०११ पासून. मोकळा_वारा, मी दोनदा गोळ्या बंद करून पाहिल्या, दोन्ही वेळा बरी होते म्हणूनच. पहिल्या वेळी नोकरी गेली, दुसऱ्या वेळी तीन आठवडे दवाखान्यात होते. एकदम बंद केलं की आजार परतायचा धोका वाढतो, हे मला नंतर कळलं. प्राणायाम मीही करते. गोळी घेऊन करते.

जाई, गोळीवाल्यांनी मिठाचं सांगितलं, मी झोपेचं सांगते. मला झोप न येणं हे आजाराचं लक्षणही आहे आणि कारणही. दोन रात्री जागरण झालं की तिसऱ्या दिवशी मला जगातल्या सगळ्या गोष्टींचा अर्थ लागायला लागतो. दिंडी पहाटे तीन-साडेतीनला उठते आणि रात्री कीर्तन. तो पखवाजी, म्हणजे त्याला कीर्तनातून लवकर कोण सोडणार?

आणि खरी भीती दुसरीच आहे. तुझा भाऊ एरवी रात्रभर जागला, अनोळखी माणसांच्या पाया पडला, भर रस्त्यात नाचला, तर तुम्ही ओळखाल. वारीत ते करणारे लाखभर लोक आजूबाजूला असतील. तिथे त्याचा चढ कुणाला दिसणार? अण्णांना तर तो अभिमानाचा दिवस वाटेल. म्हणून निघायच्या आधीच, तो बरा असताना, त्याच्याकडूनच लिहून घे: माझं बिनसतंय हे कशावरून ओळखायचं, आणि ओळखल्यावर कुणी काय करायचं. मी माझ्या बहिणीला दिलेल्या कागदावर पहिली ओळ आहे: मी तीन तास झोपून ताजी दिसले तर डॉक्टरांना फोन कर, मला विचारू नकोस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे आगाऊ निर्देश रीतसर देता येतात आणि आपला प्रतिनिधीही नेमता येतो. पण तुमच्यासाठी आत्ता वहीचं पानही पुरे.

मोबाइलवरून पैसे पाठवायची मर्यादाही कमी करून ठेवा. सात पखवाज आठवून सांगतेय.

थरथरीचं डॉक्टरांना सांगितलंय का? बरेच पेशंट सांगतच नाहीत, आणि मग गुपचूप गोळी अर्धी करतात. मीही केली आहे.

जाईची_वेल: नव्हतं सांगितलं! तो म्हणे, एवढ्याशा गोष्टीसाठी काय बोलायचं. सोमवारची वेळ घेतली आहे.

देशावरची: रात्री-बेरात्री अडलं तर १४४१६, टेलिमानस. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. गोळ्या बदलून देणार नाहीत, पण पुढे काय करायचं ते सांगतात. अण्णांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

जाईची_वेल: सोमवारी जाऊन आलो. अण्णांनाही मुद्दाम घेऊन गेले, ते बरं झालं.

डॉक्टरांनी वारीला नाही म्हटलं नाही. डोस अर्धा करायला मात्र साफ नकार. थरथरीसाठी वेगळी छोटी गोळी दिली, आधी दमा नाही ना हे विचारून. निघायच्या आठवड्यात लेव्हल करायची आणि फलटण मुक्कामी पुन्हा. आळंदी ते पुणे चालायचं, पुण्याहून सासवड दिंडीच्या ट्रकमधून, तिथून पुढे पायी. दुपारच्या विसाव्यात ट्रकमध्ये झोप, रात्रीच्या कीर्तनाला पखवाज दुसऱ्याकडे. खिशात ओआरएस.

एकादशीवर घोडं अडलं होतं. भाऊ म्हणे, वारीत एकादशी मोडायची तर जायचंच कशाला. डॉक्टर गप्प बसले, मीही. मग अण्णाच म्हणाले, "तू जेव. तुझी एकादशी माझ्यात धरली." बत्तीस वर्षांच्या वारकऱ्यापुढे तो काय बोलणार.

वहीचं पान काल रात्री लिहिलं. मी तीन गोष्टी काढल्या होत्या: झोप कमी होणं, पैसे बोलून येणं, टोकलं की चिडणं. माझ्या फोनवर हा धागा त्याने सगळा वाचला, निळी_शाईंचा प्रतिसाद दोनदा. मग पेन मागून घेतलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात चौथी ओळ लिहिली, थोडी वाकडीतिकडी: "मला नवीन चाल सुचली की आधी ताईला ऐकवायची. दिवसा."