'ड्रेसिंग'ला मराठी शब्द? (कोबी-फळांच्या स्लॉवरून)

अडकित्ता: 'स्लॉ', म्हणजे कच्च्या कोबीचं सॅलड, अशा एका पाककृतीचं भाषांतर अडलंय. अर्धा किलो कोबी बारीक चिरून, एक सफरचंद, वाटीभर अननस, मूठभर बेदाणे; वरून तेल, व्हिनेगर, मोहरी नि मधाचं घरी केलेलं ड्रेसिंग. 'कोबी-फळांची कोशिंबीर' लिहिलं तर संपादकांचा शेरा आला: 'दही नाही, कूट नाही, ही कसली कोशिंबीर?' आणि ड्रेसिंग म्हटलं की मराठीत आधी जखम आठवते.

शुद्धमती: सरळ पचडी म्हणा. कच्चा कोबी, लिंबू, मीठ, साखर, ओलं खोबरं. स्लॉ म्हणजे दुसरं काय? पचडी आली 'पच्च'वरून. कानडी-तेलुगूत हिरवं, कच्चं.

मूळव्याध नव्हे मूळशोध: तेलुगूत मात्र पच्चडी म्हणजे चटणी, तेव्हा जपून. स्लॉ, म्हणजे इंग्रजी 'कोलस्लॉ', डच 'कोलस्ला'तला: कोल म्हणजे कोबी, स्ला म्हणजे सॅलड. आपला कोबी पोर्तुगीज 'कोव्ह'वरून. कोल आणि कोव्ह दोन्ही लॅटिन 'काउलिस'ची लेकरं, अर्थ देठ. 'कोल'चा 'कोल्ड' ऐकून 'शीत कोशिंबीर' करणाऱ्यांना आवरा.

पाटावरवंटा: ड्रेसिंगला क्रियापद आपल्याकडे आहेच: फेसणे. केळ्याच्या कोशिंबिरीला मोहरी फेसतोच ना? चमचाभर मोहरी गार पाण्यात वाटून दहा मिनिटं ठेवायची, तिखटपणा चढतो. गरम पाणी घातलं तर चढतच नाही, आंबट आधी घातलं तर चढता चढता थांबतो. मग दोन चमचे व्हिनेगर, चमचाभर मध, मीठ; आणि सहा चमचे तेल, आधी थेंब-थेंब, मग बारीक धारेनं, फेसत फेसत. मोहरीमुळे तेल-पाणी एकजीव राहतं. घाई केली की फाटतं. फाटलंच तर दुसऱ्या भांड्यात चमचाभर फेसलेली मोहरी घेऊन त्यात फाटलेलं हळूहळू जिरवायचं. शब्द: 'मोहरीचं फेसलेलं'.

शुद्धमती: मोहरी फेसतात पाण्यात. तेलाचं ते घोटणं. फेस कुठाय?

पाटावरवंटा: मोहरी नाकात चढली की फेसली! फेस मोजत बसत नाही कोणी.

सासवकर: तुम्ही दोघं गोव्याला विसरलात. अननसाचं सासव: खोबरं, मोहरी, गूळ वाटून. कोकणीत सासव म्हणजेच मोहरी. रायत्यातही राई आहेच. पदार्थाला मोहरीवरून नाव द्यायची रीत आपलीच, मग 'कोबीचं रायतं' का नको?

अडकित्ता: रायतं म्हटलं की आज लोक दहीच घालणार.

पाटावरवंटा: घालू देत, पण पाणी निथळलेला चक्का, आणि अननस ताजा नको. ताज्या अननसातलं ब्रोमेलेन हे विकर (एन्झाइम) दह्याची प्रथिनं तोडतं; तासाभरात कडू होतं, पाणी सुटतं. डब्यातला चालतो, तो तापवलेला असतो. ताजाच हवा तर आधी चांगला वाफवून गार करा.

शुद्धमती: पाणी अननसानं नाही, कोबीनं सुटतं. अर्ध्या किलोला चमचाभर मीठ, वीस मिनिटं, मग पिळायचा.

सासवकर: पिळायचा? पचडीचा कोबी चुरतात, पिळत नाहीत. पिळलात तर गोडवा मोरीत.

शुद्धमती: न पिळता कालवा आणि अर्ध्या तासानं वाडग्याचा तळ बघा.

अडकित्ता: अहो, ड्रेसिंग?

मूळव्याध नव्हे मूळशोध: थांबा जरा. 'चुरणे' आणि 'चोळणे' एकाच धातूचे की वेगळे?