कुत्र्यासाठी क्रेट कसा निवडलात? गोव्यातले अनुभव लिहा

मंडळी, आमच्याकडे गावठी पिल्लू आलं आहे. कुर्टीला एका बांधकामाच्या जागेवर सापडलं, लसीकरण चालू आहे, आणि आता त्याच्यासाठी क्रेट, म्हणजे झोपायला-बसायला पिंजऱ्यासारखी बंद जागा, घ्यायचा आहे. दुकानात गेलं की पहिला प्रश्न "ब्रीड कुठलं?" आणि दुसरा "वजन किती?" गावठी म्हटलं की दुकानदार हाताला लागेल तो क्रेट पुढे सरकवतो. ऑनलाइन तक्ते बघावेत तर त्यात लॅब, बीगल, पग. आपल्याकडे घरोघरी आहेत ती गावठी कुत्री, त्यांचं माप कुठेच नाही. त्यातून आपला पाऊस आणि मे महिन्यातला घाम. म्हणून इथल्याच लोकांनी लिहावं असं वाटतं. कुठला प्रकार घेतलात, माप कसं काढलंत, पावसात टिकला का, प्रवासात उपयोगी पडला का? शिक्षा म्हणून किंवा दिवसभर कोंडून ठेवायला क्रेट वापरायचा नाही, एवढं धरूनच लिहूया.

डिचोलीहून

ताई, गावठ्यांसाठी वजनाचे तक्ते आधी बाजूला ठेवा. ही कुत्री अंगाने सडपातळ आणि पायांनी उंच असतात. आमची काळी १७ किलोची. तक्त्याप्रमाणे तिला ३६ इंची क्रेट सहज पुरावा, आणि लांबीला तो पुरतोही. पण त्या मापाचे तारेचे क्रेट साधारण २५ इंच उंच येतात, आणि काळी कान टवकारून उभी राहिली की २६ च्या वर जाते. म्हणजे आत सदैव मान खाली. आम्ही ४२ इंची घेतला, त्याची उंची ३० इंचांच्या आसपास असते.

माप काढताना कुत्र्याला भिंतीलगत उभं करायचं. एकाने समोर खाऊ धरायचा, म्हणजे मान वर राहते. दुसऱ्याने डोक्यावर वही आडवी धरून भिंतीवर पेन्सिलीची खूण करायची. कान उभे असतील तर कानाच्या टोकापर्यंत. लांबी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, शेपूट त्यात धरायची नाही. दोन्ही मापांत तीन-चार इंच मिळवा. उभं राहता आलं, वळता आलं आणि कुशीवर पाय ताणून झोपता आलं की क्रेट बरोबर.

पिल्लासाठी मोठ्या मापाचाच घ्या, पण डिव्हायडर, म्हणजे आतली जागा कमी-जास्त करणारी सरकती जाळी, असलेला. जागा जास्त झाली की पिल्लू एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात घाण करतं, मग बाहेर जायची सवय लागायला वेळ लागतो. जसं वाढेल तशी जाळी मागे सरकवायची. पिल्लाची आई त्या बांधकामाजवळ दिसत असेल तर एकदा बघून या, उंचीचा बराच अंदाज येईल.

हरमलहून

माप तुम्ही काढालच, मी गंजाबद्दल लिहितो. आमचं घर समुद्राच्या जवळ. तारेच्या क्रेटवरचा काळा लेप आधी कडीपाशी आणि बिजागरीच्या वळणापाशी उडतो, कारण तिथे तार तारेवर घासते. तिथून खारी हवा आत शिरते. दुसरी जागा ट्रेच्या खाली. पाणी सांडतं, शू होते, वरून पुसलं तरी खालच्या तारा ओल्याच राहतात. म्हणून विकत घेताना क्रेट उलटा करून बघा आणि कडीचा लेप नखाने खरवडून बघा. ट्रे प्लास्टिकचाच घ्या, पत्र्याचा नको. घरी आणल्यावर चार कोपऱ्यांखाली लाकडाचे ठोकळे ठेवा, म्हणजे खालून वारा खेळतो आणि लादीची ओल वर चढत नाही. गंजलेल्या जागी रंग मारायचा विचार करू नका, कुत्रं ते चाटतं.

अंथरूण फोमचं नको. जुलैत ते आतून वाळतच नाही, वास मारतं आणि बुरशी धरते. आमची आई जुन्या सुती साड्यांच्या घड्या घालते. ओली झाली की एक काढायची, दुसरी घालायची. कापडी, घडीचा क्रेट आमच्या कामाचा नाही. त्याच्या शिवणीत गोचिडी लपतात, शोधूनही सापडत नाहीत.

वाळपईहून

मी पशुवैद्यक आहे. मापाबद्दल डिचोलीच्या ताईंनी लिहिलंय ते अगदी बरोबर, त्यात भर घालायला माझ्याकडे तीनच गोष्टी आहेत.

क्रेटमध्ये जाताना गळ्यातला पट्टा काढा. पट्ट्याची रिंग किंवा बिल्ला तारेत अडकला की कुत्रं मागे ओढतं आणि फास बसतो. घरी कोणी नसेल तर हे जिवावर बेततं.

दुसरं उष्णतेचं. कुत्रं धापा टाकून अंग थंड करतं, आणि आपल्या दमट हवेत ते काम नीट होत नाही. बंद बाजूंचा प्लास्टिकचा क्रेट मे महिन्यात बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) ठेवला तर आत फार उकडतं. पग, शि त्झू, बुलडॉग अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांना त्याचा धोका सर्वांत जास्त. घरात रोजच्या वापराला तारेचाच बरा, पंख्याच्या वाऱ्यात. वर चादर टाकायची झाली तर पुढची बाजू मोकळी ठेवा.

तिसरं, पिल्लू शू किती वेळ धरून ठेवू शकतं याचा ढोबळ हिशेब म्हणजे वयाचे महिने अधिक एक, तेवढे तास. तीन महिन्यांच्या पिल्लाला चार तास ही वरची मर्यादा, त्याआधीच बाहेर काढा. आणि मोठं कुत्रं गज चावत असेल, लाळेने छाती भिजवून घेत असेल, तर त्याला जास्त मजबूत क्रेट आणू नका. एकटं राहण्याची ती भीती आहे. दात तुटतात, नखं उपटतात, भीती मात्र तशीच राहते. अशा वेळी डॉक्टरांना दाखवा.

मडकईहून

आमचा क्रेट निवडला तो चतुर्थीने. दरवर्षी मूळ घरी सगळं खटलं जमतं. चौकात माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट), पोरांची धावपळ, येणारेजाणारे, आणि आरती झाली की अंगणात फटाके. आमचा शेरू माणसांना घाबरत नाही, पण माळेचा पहिला आवाज आला की कपाटामागे घुसून थरथरत बसतो. एकदा तर दार उघडं मिळालं आणि शेतातून पळत सुटला. सगळा वाडा त्याला शोधत होता.

त्यानंतर क्रेट घ्यायचं ठरलं आणि दोन अटी घातल्या. घडी होऊन गाडीच्या डिकीत आडवा बसला पाहिजे, आणि दोन दारं पाहिजेत. ४२ इंची क्रेटची घडी दिसायला पातळ असते, पण लांबी-रुंदी तेवढीच राहते आणि वजनही बरंच असतं. डिकीचं तोंड टेपने मोजूनच दुकानात गेलो. दुसरं, बाजूचं दार असल्यामुळे मूळ घराच्या मधल्या खोलीत तो भिंतीला लावून ठेवता येतो. फक्त पुढे दार असतं तर वाट अडली असती.

पण क्रेट नुसता नेऊन ठेवला असता तर काही झालं नसतं. श्रावण लागल्यापासून घरीच त्याची जेवणाची ताटली आत ठेवत होतो, दार उघडं ठेवून. चतुर्थीपर्यंत तो आपणहून आत झोपायला लागला. मूळ घरी अंथरुणाला घरचीच जुनी साडी, तोच वास. फटाक्यांच्या वेळी तीन बाजूंनी जाड चादर, खोलीत पंखा आणि रेडिओ. थरथर अजून थोडी होते, पण पळायला बघत नाही. पोरांना काकीने एकच सांगितलंय, तो आत असला की हात घालायचा नाही. दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्रीही आमची हीच व्यवस्था असते.

वास्कोहून

विमानाचा क्रेट पूर्ण वेगळा, घरचा तारेचा तिथे चालत नाही. मुलीकडे कुत्रा पाठवताना आम्ही आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमाप्रमाणे माप काढलं. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवायचा, ती क्रेटच्या आतली लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ती रुंदी. उभ्या कुत्र्याची डोक्याच्या किंवा कानाच्या टोकापर्यंतची उंची अधिक अंथरुणाची जाडी ती उंची. समजा, लांबी ७० सेंटिमीटर, कोपर ३२, खांदे २०, उंची ६२, अंथरूण ३. तर क्रेट आतून निदान ८६ लांब, ४० रुंद, ६५ उंच हवा. बसक्या नाकाच्या कुत्र्यांसाठी याहून १० टक्के मोठा, आणि बऱ्याच कंपन्या त्यांना सामानाच्या भागात घेतच नाहीत.

दुकानात छापलेलं माप बहुतेक वेळा बाहेरचं असतं, आत टेप घालून बघा. दार धातूचं हवं, क्रेटचे वरचा-खालचा असे दोन्ही भाग नटबोल्टने आवळलेले हवेत, चाकं असतील तर काढावी लागतात. पाण्याची वाटी बाहेरून भरता येईल अशी दारालाच अडकवलेली हवी. दाबोळी असो वा मोपा, तिकिटाआधी विमान कंपनीकडून क्रेटची कमाल मापं लेखी मागवा, कारण विमानाच्या दारातून तो आत गेला पाहिजे. आणि झोपेचं औषध देऊ नका, उंचीवर त्याने श्वासाला त्रास होऊ शकतो.

मडगावहून

रेल्वेचं थोडक्यात. फर्स्ट एसीत पूर्ण कूपे (दोन जणांची बंद खोली) किंवा केबिन आपल्या नावावर असेल तरच कुत्रं बरोबर नेता येतं. नाहीतर गार्डच्या डब्यातला रेल्वेचाच खोका, त्यात तुमच्या क्रेटचा प्रश्नच येत नाही. कोकणकन्येने मुंबईला जाताना आम्ही कूपे घेतो आणि घरचं अंथरूण तेवढं नेतो.

साखळीहून

म्हाताऱ्या कुत्र्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या राणीचे मागचे पाय आखडतात. तारेच्या क्रेटचा उंबरा चार-पाच इंचांचा असतो, तिला तो पाऊल उचलून ओलांडता येत नाही. ट्रेवर पाय घसरतो ते वेगळंच. आम्ही क्रेट देऊन टाकला आणि स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं ते अडसराचं फाटक लावलं. खाली रबराची चटई. तिच्या वयाला हेच बरं.

कुर्टीहून, पुन्हा मी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. पिल्लाची आई खरंच तिथेच होती, चांगली उंच आहे. तेव्हा ४२ इंची तारेचा, डिव्हायडरचा, दोन दारांचा, प्लास्टिक ट्रेचा. ओळखीत एक जुना मिळतोय, त्यांचं कुत्रं गेल्या वर्षी वारलं. घेऊ का?

वाळपईहून

ते कशाने गेलं हे आधी विचारा. पार्व्होचा (पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा) विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकू शकतो आणि साध्या साबणाने जात नाही. क्रेट आधी घासून धुवा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी लावून दहा मिनिटं ओला ठेवा, पुन्हा धुवा आणि उन्हात वाळवा. जुनं अंथरूण घेऊ नका. आणि पिल्लाच्या लसी पूर्ण होईपर्यंत तो क्रेट वापरू नका, तोवर खोलीच्या दाराला आडवी फळी पुरेल.