आईची केंद्रात नीट काळजी घेतात का, हे ओळखायचं कसं? (मदत हवी आहे)

आईचं वय ८१. पार्किन्सन आधीपासून आहेच. त्यात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर ती आपल्या पायांवर उभी राहिलीच नाही. घरी दोन महिने बाई ठेवून पाहिलं, ते जमलं नाही. आता पाच आठवडे झाले, एका शुश्रूषा केंद्रात ठेवलंय.

केंद्र दिसायला छान. लादी चकचकीत, मॅनेजर गोड बोलणारे. मी दर रविवारी अकराला जाते तेव्हा आई अंघोळ करून, वेणी घालून खुर्चीत बसलेली असते. विचारलं की म्हणते, "बरी आहे गं, तू जेवलीस का?"

गेल्या बुधवारी न कळवता संध्याकाळी साडेसहाला गेले. आई दाराकडे पाठ करून एका कुशीवर पडलेली. पाण्याचा पेला भरलेला, वर झाकणही होतं, पण तो पायथ्याच्या टेबलावर. बेलची दोरी गादीच्या मागे पडलेली. मी पेला तोंडाला लावला तर एका दमात संपवला तिने. भिंतीवर कूस बदलल्याचा तक्ता असतो, दर दोन तासांनी सही करायची. साडेसहा वाजता त्यावर रात्री दहापर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या! एकाच पेनाने, एकाच हाताच्या.

तिथे मी काहीच बोलले नाही. आपण बोलायचं, निघून यायचं आणि राग तिच्यावर निघायचा, ही भीती. भाऊ म्हणतो, उगाच खुसपटं काढू नकोस, दुसरीकडे काय सोनं लागलंय? तोही अगदी चुकीचा नाही. एका संध्याकाळवरून निकाल द्यायचा का? नक्की काय बघायचं, कोणाला काय विचारायचं? जाणकारांनी कृपया सांगावं. आई स्वतः तक्रार करणार नाही, तो तिचा स्वभावच नाही.

प्रतिसाद १

अशाच केंद्रात बरीच वर्षं सिस्टर म्हणून काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अवेदिस दोनाबेदियन नावाच्या डॉक्टरांनी १९६६ साली आरोग्यसेवेची गुणवत्ता तपासायचे तीन कप्पे सांगितले : रचना, प्रक्रिया आणि परिणाम. नातेवाईक बहुतेक वेळा पहिल्या कप्प्यातच अडकतात. लादी, पडदे, एसी. तुम्ही पाहिलेला तक्ता हा दुसरा कप्पा, आणि तो खोटा निघाला. आता तिसऱ्याकडे वळा, म्हणजे आईच्या अंगाकडे. अंगावर आगाऊ सही करता येत नाही.

पुढच्या वेळी दार लावून घ्या आणि माकडहाड, खुबे, टाचा, खांद्यांची हाडं, डोक्याची मागची बाजू बघा. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबा. बोट उचलल्यावर तिथे क्षणभर पांढरं पडून मग लाली परतली तर ठीक. दाबूनही लाल ते लालच राहिलं तर ती बेडसोरची (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची) पहिली पायरी आहे, कातडी फुटलेली नसली तरी. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तेव्हा हात लावून बघा : तेवढाच भाग आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा पिलपिलीत लागतो का. हाडावरच्या अशा जागी चोळून मालिश मात्र करू नका, कोणी कितीही प्रेमाने सांगितलं तरी.

मग वजन. भरती केलं तेव्हाचं आणि आत्ताचं, दोन्ही मागा. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट ही डॉक्टरांपर्यंत गेलीच पाहिजे अशी गोष्ट आहे. वजनाची नोंदच नसेल तर तेही उत्तरच समजा.

पाण्याबद्दल कडू बोलते. म्हातारपणी तहान कमी लागते, मागितलं नाही की कोणी देत नाही. आणि कमी पाणी म्हणजे कमी डायपर, हा हिशोब काही ठिकाणी असतो. मी तो बघितलाय. जीभ कोरडी आहे का, लघवी गडद आहे का, बघा. (हाताची कातडी चिमटीत धरून बघायची युक्ती या वयात चालत नाही, ती तशीही सैलच असते.) माणूस एक-दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखा बोलू लागला तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका, आत जंतुसंसर्ग किंवा पाणी कमी पडणं असू शकतं.

प्रतिसाद २

मी भावाच्या बाजूने. माझ्या वडिलांच्या वेळी मी रोज नवी तक्रार घेऊन जायचो. झालं काय, तर मावश्या मला बघून दुसऱ्या खोलीत शिरायच्या आणि खरी माहिती यायची बंद झाली. दिवसभर उचल-ठेव त्या करतात, मॅनेजर नाही. एकीशी ओळख वाढवा, नावाने हाक मारा. आणि विचाराल तर एकच विचारा : रात्री किती जणांमागे किती माणसं? दिवसाचा आकडा सगळे सांगतात.

प्रतिसाद ३

औषधांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पार्किन्सनच्या गोळीची वेळ म्हणजे वेळ. सगळ्यांच्या औषधांची ट्रॉली येईल तेव्हा देऊ, हे चालत नाही. तासभर उशीर झाला तरी काही जण लाकडासारखे आखडतात, घास गिळता येत नाही, आणि मग शेरा पडतो 'पेशंट जेवायला नाही म्हणाला'. डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून उशाशी लावा.

दुसरं, फाईलमधली औषधांची सध्याची यादी मागून घ्या आणि तुमच्या जुन्या यादीशी ताडून बघा. शांत झोपावं म्हणून काही नवीन चालू झालंय का? हॅलोपेरिडॉल (मनोविकारावरचं, अँटिसायकोटिक गटातलं औषध) तर पार्किन्सनच्या माणसाला देऊच नये, ताठरपणा वाढतो. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांना अशा गटातली औषधं दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ साली नव्या पिढीच्या औषधांवर आणि २००८ साली जुन्यांवर छापायला लावला. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

अवांतर : चष्मा, कवळी, कानातलं यंत्र आईचंच आहे ना, बघा. आमच्याकडे तीन आठवडे कवळी दुसऱ्याच आजोबांच्या तोंडात होती.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. शनिवारी रात्री आठला गेले. आईचं जेवण नुकतंच झालं होतं आणि तिला लगेच आडवं केलेलं. गिळायला त्रास असणाऱ्याला जेवताना ताठ आणि नंतरही अर्धा तास बसवून ठेवायचं, हे हॉस्पिटलातून निघताना लिहून दिलं होतं. तो कागद फाईलमध्ये होता, कोणी वाचला नव्हता.

वजन मागितलं. भरतीच्या दिवशीचं ४८ किलो, त्यानंतर रकाना कोरा. माझ्यासमोर केलं, ४५.२ भरलं. म्हणजे जवळपास ६ टक्के. पाठ स्वच्छ आहे, पण उजव्या टाचेवर रुपयाएवढा डाग, दाबून पांढरा होत नाही. औषधांत नवीन काही नाही, तेवढं बरं.

रात्री २४ जणांमागे दोन मावश्या. त्यातल्या एकीने मला दाराबाहेर गाठून सांगितलं, "ताई, सह्या आधीच करून ठेवायला सांगतात हो, नंतर वेळ कुठे मिळतो." तिचं नाव मी कुठेच घेतलं नाही, इथेही घेणार नाही.

मॅनेजरांकडे भावाला घेऊन गेले. टाच बघितल्यावर तो काही बोलला नाही, पुढचं सगळं त्यानेच बोलून घेतलं. दर सोमवारी वजन, टाच गादीला टेकू नये म्हणून पोटरीखाली उशी, गोळीच्या वेळा आणि आठवड्यात डॉक्टरांची भेट, हे लेखी घेतलंय. दोन आठवडे बघणार. तोवर आणखी दोन केंद्रं बघून ठेवतोय, संध्याकाळी सातनंतर जाऊन.

पेला आता आईच्या उजव्या हाताशी असतो. आधी एकदा डावीकडे ठेवलेला, तो तिच्याच्याने सांडला. तिचा डावा हात जास्त थरथरतो हे सांगायचं मीच विसरले होते.

एक राहिलं. ते एअर बेड घ्या म्हणतायत. माकडहाडाला तो बरा असेल, पण टाचेला त्याने काही फरक पडतो का? कोणी वापरला असेल तर लिहा.