क्राउडस्ट्राइकचं खापर विंडोजवर कशाला?

सह्यकडा: ‘19 जुलै 2024 ला ज्यांची मशीनं निळी पडली त्यांनी विंडोजची फळं भोगली, लिनक्स घ्या आणि निवांत झोपा,’ असं टक्केटोणपे लिहितात. वाचून राहवलं नाही. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने आपल्या फाल्कन या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी 291 क्रमांकाची चॅनल फाइल, म्हणजे धोके ओळखायच्या सूचनांची अपडेट, सोडली. तिला 21 इनपुट हवे होते, मशीनवर बसवलेला फाल्कनचा सेन्सर 20च देत होता. एकविसावा शोधताना तो भलत्याच मेमरीत घुसला, आणि बसलाय कर्नलमध्ये, विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे अख्खं मशीन आडवं, स्क्रीन निळी. फाइल 78 मिनिटांत मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने 85 लाख मशीनं गेली. जगातल्या विंडोजच्या एक टक्काही नव्हेत, तरी विमानं आणि रुग्णालयं अडली! टप्प्याटप्प्याने सोडली असती तर पहिल्या टप्प्यातच कळलं असतं.

टक्केटोणपे: लिनक्स पडलं का त्या दिवशी? नाही ना? विषय संपला.

सह्यकडा: त्याच वर्षी याच सेन्सरने रेड हॅट या लिनक्सवर कर्नल पॅनिक आणला होता, म्हणजे तिथेही अख्खं मशीन आडवं. आधी वाचा, मग निकाल द्या.

उंबरठा: तुमचं चालू द्या, निस्तरलं आम्ही सपोर्टवाल्यांनी. एकेका मशीनसमोर बसून सेफ मोड, फाइल डिलीट, रीस्टार्ट. त्यात बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या विंडोजच्या कुलपाची, 48 आकडी की हाताने टाकायची, आणि कीज ठेवलेला सर्व्हरही निळाच.

गोदाकाठ: विमानवाल्यांचं निभावलं हो, इंडिगोने बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. आमच्याकडे रेशनच्या ई-पॉसचा, म्हणजे अंगठा घेणाऱ्या मशीनचा, सर्व्हर डाऊन झाला की आई अंगठा लावून लावून रिकाम्या पिशवीने परत येते. गहू समोर दिसतोय. वहीत लिहून द्या म्हटलं, तर दुकानदार म्हणतो मशीनशिवाय देता येत नाही.

टक्केटोणपे: रेशनचा इथे काय संबंध? वहीवरच तर वर्षानुवर्षं धान्य काळ्या बाजारात गेलं.

गोदाकाठ: माझ्या आईने नेलं का ते? दोन बसा बदलून जाते ती!

टक्केटोणपे: तुमच्या आईबद्दल चकार शब्द काढलेला नाही. उगाच अंगावर येऊ नका.

उंबरठा: संबंध आहे. मशीन बंद पडलं तेव्हा विमानतळावर कागदावर काम चाललं, तुमच्या रेशन दुकानात नाही. वहीत घोळ व्हायचे, कबूल. पण ते पकडायला नंतर ताळा घेता येतो. महिन्याचं धान्य अडवून काय मिळतं?

टक्केटोणपे: बरं, सर्व्हर बंद असेल त्या दिवसापुरती वही ठेवा, सही-शिक्क्यासकट. विंडोजबद्दलचं माझं मत कायम आहे.

गोदाकाठ: ठेवा तुमचं मत. वहीचं तेवढं तहसीलदारांना लेखी देतोय, सही करणार का बोला.